आरा यांचीं पुष्पचित्रें व त्यांची पुष्पिका

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत एका अर्वाचीन चित्रकाराच्या पुष्पचित्रांचें परीक्षण यावें, हें कित्येक वाचकांस अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. आमच्या नेहमींच्या पानांत सनदा, महजर, करीने, शकावल्या व पोथ्यांच्या याद्या येतात. फुलें आलींच तर तीं पोथीच्या समासांतलीं किंवा बिदरी सुरईवरचीं. परंतु कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४–१९८५) यांनीं जलरंगांत काढलेलीं फुलें आतां केवळ प्रदर्शनाचा विषय राहिलेलीं नाहींत. त्यांतील आरंभींच्या चित्रांस पाऊणशें वर्षांवर काळ लोटला. तीं कागदावर आहेत. त्यांपैकीं पुष्कळांवर साल नाहीं, स्थळ नाहीं. आणि तीं हातोहात फिरत आहेत. कागद, हात व मालकीची परंपरा यांची परीक्षा करणें हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय, त्यांनींच या कागदांकडे पाठ फिरविली तर ती परीक्षा दुसरें कोण करणार? एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच.

या चित्रांविषयीं दोन मतें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, हीं फुलें कोणत्या जातीचीं तेंच ओळखतां येत नाहीं, पाकळ्या मोजतां येत नाहींत, देठ कोठून निघाला तें कळत नाहीं. सबब हें चित्र नव्हे, रंगाचे डाग होत. दुसरें असें कीं, आधुनिक कलेंत साम्याचा विचारच अप्रस्तुत. रसिकानें रंगाचा आनंद घ्यावा व प्रश्न विचारूं नयेत. माझ्या मतें हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत. पहिला पक्ष चित्राला चुकीचा प्रश्न विचारतो, दुसरा प्रश्नच विचारूं देत नाहीं. माझें म्हणणें असें कीं, हीं चित्रें वनस्पतीच्या नोंदीसारखीं न वाचतां हस्ताक्षरासारखीं वाचावीं. तशीं वाचलीं म्हणजे त्यांतील अस्सल उत्तम कोणतें आणि चित्रकारानें स्वतःचीच केलेली नक्कल कोणती, हें सकारण सांगतां येतें.

पहिल्या पक्षाचें मूळ फार जुनें आहे, आणि ज्या जुन्या जालन्यांतून मी हें लिहीत आहें त्या गांवाशीं त्याचा संबंध पोहोंचतो. अकबराच्या काळीं अबुल फजल कांहीं दिवस जालन्यास राहत होता, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. त्याच्या ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत लेखनकला व चित्रकला यांचा विचार एकाच प्रकरणांत आला आहे. फिरंगी चित्रकारांच्या हातीं चित्र प्रत्यक्षाचा भ्रम उत्पन्न करतें हें तो मान्य करतो. आणि तरीही अक्षराची योग्यता चित्राहून पुष्कळ वरची ठरवितो, कारण अक्षरांत पूर्वकालीनांचें ज्ञान सांठविलेलें असतें. कुंडलिकेच्या कांठच्या आम्हां पोथीसंग्राहकांचा पक्ष आजही तोच आहे. वस्तु किती माहिती देते यावर तिचें मोल, आणि चित्र अक्षराइतकी माहिती देत नाहीं, म्हणून तें दुय्यम!

पुढील काळांत पुष्पचित्रानें ही अट पुरी करण्याचा मोठा यत्न केला. इ. स. १६२० मध्यें जहांगीर काश्मीरांत गेला असतां उस्ताद मन्सूर यानें तेथील शंभराहून अधिक फुलें चितारल्याचें बादशहानेंच आपल्या आठवणींत लिहिलें आहे. रिकाम्या भूमीवर एकच झाड, त्याचीं पानें, कळी, उमललेलें फूल, सर्व निरनिराळें व ओळखूं येण्याजोगें, ही ती पद्धति. तिची गचकामांतील व दगडांतील छाया आमच्यापासून अवघ्या पंधरा-सोळा कोसांवर, औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथील बीबीच्या मकबऱ्यांत (१६६०–६१) पाहावयास सांपडते. पुढें इंग्रजी अमदानींत पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पति-उद्यान होतें. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं १८४७ ते १८५० या वर्षांत एका हिंदी चित्रकाराकडून दीडशेंहून अधिक वनस्पतींचीं जलरंगी चित्रें काढवून घेतलीं. तीं आज एडिंबरो येथील वनस्पति-उद्यानाच्या संग्रहीं आहेत. त्यांतील झाडांचीं नांवें विद्वानांनीं निश्चित केलीं आहेत. चित्रें काढणाऱ्याचें नांव मात्र कोठें लिहिलें गेलें नाहीं. माहितीवरून मोल ठरविणाऱ्या पद्धतीची ही परिसीमा होय. फूल ओळखलें गेलें आणि हात हरवला!

आरांच्या चित्रांत नेमकी उलट स्थिति आहे. तेथें हात पहिल्या दृष्टिक्षेपांत ओळखूं येतो आणि फुलाचें नांव सांगतां येत नाहीं.

आरा यांचा जन्म १९१४ सालीं सिकंदराबादनजीक बोलारम येथें झाला. बोलारम आणि जालना हीं दोन्ही निजामाच्या राज्यांतील छावणीचीं गांवें, त्यामुळें हा चित्रकार आम्हांस एका अर्थानें मुलखांतलाच. लहानपणींच आई वारली. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलानें घर सोडून मुंबई गांठली. तेथें घरकामाची चाकरी व मोटारी धुण्याचें काम. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत पडल्यामुळें तुरुंगवास. आणि या सर्वांतून बहुतांशीं स्वतःच शिकलेली चित्रकला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक रुडी फॉन लायडन व मूळचे ऑस्ट्रियाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या नजरेस हीं चित्रें पडलीं. १९४२ सालीं मुंबईच्या ‘चेतना’मध्यें त्यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरलें. १९४७ सालीं सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह ज्या सहा जणांनीं ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापिला त्यांत आरा होते. १९५२ सालीं त्यांच्या ‘टू जग्ज’ या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें.

हें चरित्र विस्मयकारक आहे, आणि त्यामुळेंच तें परीक्षकास घातक ठरतें. आरांविषयीं जें लिहिलें जातें त्यांतील पुष्कळसें मोटारी धुणाऱ्या मुलाविषयीं असतें, चित्राविषयीं थोडें. जणूं काय पोरकेपण हाच चित्राचा गुण आणि शाळेचा अभाव हाच त्याच्या दोषांचा परिहार! लेखक गरीब होता म्हणून त्याच्या प्रतीतील अपपाठ आपण शुद्ध मानीत नाहीं. तसेंच सुवाच्य अक्षर गरिबानें काढलें म्हणून अधिक सुवाच्य होत नाहीं. दयेनें केलेली स्तुति ही चित्रकाराचा मानभंगच होय. तेव्हां चरित्र येथेंच ठेवून कागदाकडे वळूं.

आरांच्या बहुतेक पुष्पचित्रांची मांडणी साधी आहे. मध्यावर एक भांडें, त्यांत दाट कोंबलेलीं फुलें, खालीं टेबलाचा पृष्ठभाग, मागें एक-दोन रंगांची सपाट भूमि. घरांतील इतर वस्तु थोड्या किंवा मुळींच नाहींत. हा विषय मुळांत आमच्या घरांतला नव्हे. जुन्या जालन्यांत आनंदीस्वामींच्या देवळाकडे जाणारें फूल परडींतून जातें, देवाच्या चरणीं वाहिलें जातें आणि दुसऱ्या दिवशीं निर्माल्य होतें. तें भांड्यांत ठेवून त्याकडे पाहत बसण्याची चाल युरोपीय दिवाणखान्यांतून आली. ‘घटपल्लव तर वेरूळ-अजिंठ्याच्या स्तंभांवर आहे,’ असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंच आहे. पण तेथला घट हें मंगलचिन्ह होय. तो पाहण्यासाठीं ठेवलेला नसून कल्याण सुचविण्यासाठीं कोरलेला आहे. आरांचें भांडें कांहीं सुचवीत नाहीं. तें फक्त टेबलावर आहे, आणि त्याचें तेथें असणें आपणांस पटतें कीं नाहीं, एवढ्यावरच चित्राचें यश अवलंबून असतें.

आतां द्रव्याचा विचार. जलरंग म्हणजे बारीक कुटलेला रंग व डिंक. आणि काजळी शाईंतही बाभळीचा डिंकच असतो हें वाचक जाणतातच. म्हणजे पोथी लिहिणारा व जलरंगकार यांचें बंधनद्रव्य एकच. जलरंगाच्या दोन रीति आहेत. एकींत रंग पातळ लावून कागदाचा पांढरेपणाच उजेड म्हणून वापरतात. दुसरींत रंगांत पांढरा मिसळून तो जाड व अपारदर्शक करतात. पोथ्यांतील आमचीं जुनीं चित्रें बहुशः दुसऱ्या रीतीचीं. आरांनीं आरंभीं दोन्ही वापरल्या. परंतु त्यांचा हात असा कीं, जलरंगही ते तैलरंगासारखा भरगच्च, थरावर थर देऊन लावीत. पुढें ते तैलरंगाकडे वळले तेव्हां गंमत अशी झाली कीं, तैलरंग त्यांनीं जलरंगासारखा पातळ केला. द्रव्याच्या रूढ स्वभावाविरुद्ध जाण्याची ही संवय त्यांच्या गुणांचेंही मूळ आहे आणि दोषांचेंही.

तुलनेकरितां जर्मन चित्रकार एमिल नोल्डे (१८६७–१९५६) याचीं पुष्पचित्रें पहावीं. ही तुलना अगदींच दूरची नव्हे, कारण आरांच्या मुंबईंतील पुरस्कर्त्यांनीं मध्य युरोपांतील नव्या चित्रकलेची वार्ता सोबत आणली होती. नोल्डे ओल्या जपानी कागदावर रंग सोडतो आणि पाण्यास मोकळीक देतो. फूल पसरत जातें, कडा विरघळतात, आणि अर्धें काम पाणी करतें. आरा पाण्यास अशी मोकळीक क्वचितच देतात. त्यांच्या कुंचल्याचा एकेक फराटा म्हणजे एकेक पाकळी किंवा पाकळ्यांचा झुबका. तो ठेवला कीं ठेवला. नोल्डेचें फूल उमलतें, आरांचें फूल मांडलें जातें. पहिल्यांत सुगंध अधिक, दुसऱ्यांत वजन अधिक. आरांच्या चांगल्या चित्रांत हें वजन खरें असतें. भांड्याच्या तोंडाशीं फुलांचा भार जेथें टेकतो तेथें रंग गडद होतो, मागची भूमि फुलांच्या कडेपर्यंत येऊन थांबते, आणि त्या थांबण्यानेंच फुलाची आकृति ठरते. आकृति आधीं रेखून मग भरलेली नसते. दोन रंगांच्या भेटीच्या ठिकाणीं ती उत्पन्न होते.

संस्कृत शास्त्राच्या अभ्यासकास येथें कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’ची (शके १०५१, इ. स. ११२९) आठवण होणें स्वाभाविक आहे. त्यांत चित्राचे प्रकार सांगतांना आरशांतील प्रतिबिंबासारखें हुबेहूब तें ‘विद्ध’ आणि मनांत अकस्मात् उठलेल्या कल्पनेवरून केवळ आकार साधणारें तें ‘अविद्ध’ असा भेद केला आहे. दापोडीचीं चित्रें विद्ध होत यांत शंका नाहीं. मग आरांचीं अविद्ध म्हणावयाचीं काय? तसें म्हणून मोकळें होण्याचा मोह पडतो, आणि हल्लीं असे मोह फार बळावले आहेत. जें जें नवें तें तें आमच्या पूर्वजांनीं आधींच सांगून ठेवलें, असें म्हणण्यानें ना पूर्वजांचा मान वाढतो ना नव्याचा. सोमेश्वराच्या दृष्टीपुढें आरा नव्हते. त्याच्या भेदाचा उपयोग प्रमाणपत्र म्हणून न करतां मोजपट्टी म्हणून केला, तर एवढें मात्र निश्चित दिसतें कीं, साम्य हा चित्राचा एक प्रकार आहे, एकमेव अट नव्हे, हें आमच्या शास्त्रकारांस मान्य होतें. ‘विष्णुधर्मोत्तरां’तील चित्रसूत्रांतही निरनिराळे लोक चित्राची निरनिराळी अंगें वाखाणतात असें सांगून रेषेची वाहवा आचार्यांकडे दिली आहे. रेषा म्हणजे हात. फुलाचें नांव न कळल्याची तक्रार आचार्यांची म्हणून तेथें सांगितलेली नाहीं.

तेव्हां या चित्रांत हात वाचावयाचा. तो वाचावा कसा? आपण पोथी पाहतों तेव्हां अक्षराचें वळण, शाई संपून बोरू पुन्हां बुडविल्याची जागा, ओळीच्या शेवटीं झालेली दाटी, आणि मन लागलें असतां व नसतां पडणारा फरक हीं पाहतों. जलरंगांतही हेंच दिसतें. पातळ रंगाचा थेंब वाळतांना रंगकण कडेकडे जातात व कडा गडद होते. म्हणून एक फराटा दुसऱ्याच्या आधीं वाळला होता कीं ओला होता, हें कागदच सांगतो. जेथें ओल्यावर ओला पडला तेथें दोन रंग मिसळले. जेथें वाळल्यावर पडला तेथें ते एकमेकांवर बसले. आरांच्या उत्तम चित्रांत हा क्रम स्पष्ट व निःशंक असतो. कोठें थांबावें हें हातास ठाऊक असतें. कागदाचा जो भाग कोरा सोडला तो विसरलेला नसून राखलेला असतो. याउलट दुय्यम चित्रांत दुरुस्तीवर दुरुस्ती होऊन रंग गढूळ होतो, भांड्याची कड पुन्हां पुन्हां बळकट केलेली दिसते, आणि फुलें निव्वळ जागा भरण्यासाठीं वाढविलेलीं असतात. हा भेद ‘आवड-निवड’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाहीं. तो दाखवितां येतो, आणि जें दाखवितां येतें त्याविषयीं वाद करतां येतो.

याच कसोटीनें आरांवरील खरा आक्षेपही पुढें येतो. साम्य नसणें हा त्यांचा दोष नव्हे. पुनरुक्ति हा दोष होय. तेंच भांडें, तोच भार, तींच तांबडीं-पिंवळीं फुलें, चित्रामागून चित्र. ‘गवई एकच राग जन्मभर गातो’ असें याचें समर्थन करतां येईल, पण तें पुरतें लागू पडत नाहीं. रागांत प्रत्येक वेळीं नवी जागा शोधली जाते. आरांच्या पुष्कळ चित्रांत जागा ठरलेली आहे आणि हात तेथें संवयीनें जातो. एकच स्तोत्र शंभरदां उतरविणाऱ्या लेखकाचें अक्षर जसें गुळगुळीत होतें, चुकतही नाहीं आणि पाहतही नाहीं, तशी ही अवस्था आहे. ज्या चित्रकारास ‘टू जग्ज’मध्यें दोन साध्या सुरयांवरून सुवर्णपदक मिळालें, त्यानें फुलांच्या बाबतींत इतक्या थोडक्यांत समाधान मानावें, याचें वाईट वाटतें. परंतु हें लक्षांत घ्यावें कीं, पुनरुक्तीचा हा आरोपही साल माहीत असल्याशिवाय सिद्ध करतां येत नाहीं. कोणतें चित्र शोधाचें व कोणतें संवयीचें, आधींचें कोणतें व नंतरचें कोणतें, हें कालक्रमावांचून कसें ठरणार?

येथें आपल्या वर्गाचें काम सुरू होतें. पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव, शक, तिथि व स्थळ सांगणाऱ्या मजकुरास आपण ‘पुष्पिका’ म्हणतों. आरांच्या या पुष्पांस पुष्पिकाच नाहीं! पुष्कळ चित्रांवर रोमन लिपींतील तीन अक्षरांची सही, एवढीच काय ती साक्ष. तीन मोठीं अक्षरें नकलून काढणें किती सोपें, हें बनावट शिक्के व मोर्तबें पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. सही हा पुरावा खरा, पण एकटा पुरावा नव्हे. कागद, रंगाचे थर, हाताचा क्रम व मालकीची सांखळी यांचा एकमेकांशीं मेळ बसला म्हणजेच चित्र अस्सल मानावें. दस्तऐवजाच्या बाबतींत हा नियम आपण कधींच मोडीत नाहीं. चित्राच्या बाबतींत ‘पाहतांच ओळखलें’ असें म्हणणाऱ्याचें ऐकण्याचें कारण नाहीं.

दिरंगाई परवडणार नाहीं, याचें आणखी एक कारण द्रव्यांतच आहे. चिंध्यांपासून केलेला दौलताबादी वा जुन्नरी कागद तीनशें वर्षें टिकलेला आपण रोज हाताळतों. लांकडाच्या रांध्याचा स्वस्त कागद मात्र स्वतःच्याच आम्लानें पिंवळा पडून ठिसूळ होतो. जलरंगाचा थर पातळ, त्यावर तेलाचें संरक्षण नाहीं. तांबडे व जांभळे कांहीं रंग उजेडानें विटतात, आणि पुष्पचित्रांत जातात ते प्रथम हेच रंग. भिंतीवर खिडकीसमोर लावलेलें चित्र कांहीं दशकांत वेगळेंच चित्र होऊन बसतें, आणि मग त्या फिक्या फुलांवरून चित्रकाराच्या रंगदृष्टीचा निर्णय दिला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासारख्या संस्थांतील चित्रांची निगा राखली जाते. खासगी घरांतील चित्रांची निगा राखणारा फक्त मालक.

म्हणून ज्यांच्या घरीं असा कागद असेल त्यांनीं तो थेट उन्हांत टांगूं नये, मागें साधा पुठ्ठा चिकटवूं नये, आणि चौकट बदलतांना मागील बाजूचा मजकूर, चिठ्ठी किंवा दुकानाचा शिक्का फाडून टाकूं नये. तोच कदाचित् त्या चित्राच्या पुष्पिकेचा उरलेला अंश असेल. चित्र केव्हां, कोणाकडून, किती किंमतीस आलें. कागदाची लांबी-रुंदी किती. रंग पातळ कीं जाड. सही कोठें आणि ती खालच्या रंगांत मिसळली आहे कीं वाळलेल्या रंगावर बसली आहे. एवढें एका टिपणावर लिहून, टिपण करणाऱ्याचें नांव व दिवस घालून ठेवावें. जुन्या जालन्यांतल्या वाड्यांतून दप्तरांचे रुमाल आपण याच रीतीनें नोंदवीत आलों. नव्या कागदास नवी रीति लागत नाहीं.

अबुल फजलनें अक्षर वर आणि चित्र खालीं ठेविलें, कारण अक्षर माहिती सांठवितें. आरांच्या उत्तम पुष्पचित्रांत माहिती फुलाची नाहीं, पण एका हातानें कागदावर काय निश्चयानें केलें याची ती पूर्ण साक्ष आहे, आणि हस्तलिखितांतही सरतेशेवटीं आपण तीच साक्ष शोधत असतों. दापोडीच्या चित्रकाराचा हात शंभर-पावणेदोनशें फुलें जपून नाहींसा झाला. ती चूक पुन्हां होऊं देणें आतां आपल्या पिढीच्या माथीं येईल. आरांचीं सर्वच फुलें जतन करण्याच्या योग्यतेचीं आहेत असें मी म्हणत नाहीं. निवड झाली पाहिजे आणि ती कठोर झाली पाहिजे. परंतु निवडीपूर्वीं नोंद हवी, आणि नोंद करण्याची विद्या या त्रैमासिकाच्या वाचकांइतकी दुसऱ्या कोणापाशीं नाहीं.